खुणेपासून दोन वीत

कोपरी, १२ जानेवारी १९५४
सरांनी आज बजावलं, चाचणीत जी गणितात नापास होईल तिचा मॅट्रिकचा फॉर्म पाठवणार नाही. माझ्याकडेच बघत होते मेले. बाकी सगळं जमतं, केवल मूल्य तेवढं डोक्यात शिरत नाही. दोन उभ्या दांड्यांत उणे पाच घाला, बाहेर येतात नुसते पाच. उणे गेलं कुठे? विचारलं तर म्हणे, "नियम आहे, पाठ कर."

१६ जाने.
पुन्हा चूक. दांड्यांत क्ष, उत्तर दोन. मी क्ष = २ लिहून मोकळी. शेरा : 'अर्धेच उत्तर.' अर्धं कसं? दोन म्हणजे दोन.

२० जाने.
आज फार वाईट झालं. उधाणाची भरती. मिठागरात बाबांनी मला तळ्याच्या खुंटावरची पाण्याची खूण बघायला पाठवलं. डोक्यात गणितं. लांबूनच काकाला ओरडले, "खुणेपासून दोन वीत!" पाणी खुणेच्या वर होतं, काका खाली समजला. आणखी पाणी घ्यायला त्याने बांधाच्या दाराची, उघाडीची, फळी उचलली, खाडी आत आली. उद्या मीठ ओढायचं होतं ते दोन वाफे विरघळून गेले.
बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. बांधावर बसून एवढंच म्हणाले, "दोन ईत बराबरच होता गो. वर का खाली, त सांगाचा ऱ्हयला."

२१ जाने.
वेणी घालता घालता कळलं! केवल मूल्य म्हणजे खुणेपासूनचं अंतर. वीत ती वीतच, वर असो की खाली. म्हणून उणे गळतं, आणि म्हणूनच उत्तरं दोन.
बाबांना सांगितलं. हसले. "ह्ये त आमी रोजच करताव."
त्यांचे दोन वाफे गेले तेव्हा मला एक गणित आलं. रडू आवरेना.

१ फेब्रु.
पेपर झाला. दांड्यांचं आलं, दोन्ही उत्तरं लिहिली. भूमितीची शेवटची दोन मात्र राहिलीच.

५ फेब्रु.
उद्या पास झालेल्यांची यादी लागणार. बाबांना म्हटलं, पासाच्या खुणेजवळच आहे, चार-पाच मार्कांचा फरक.
"वर का खाली?"
"ते उद्याच कळेल."
बाबा उठले. मग धुतलेला सदरा काढून खुंटीला लावला. मिठागरावर उद्या जाणार नाहीत, माझ्याबरोबर शाळेत येणार म्हणतात. कधी आले नव्हते.