चोवीस घरांत गेलेली सायकल

कोजागिरीचा आदला दिवस, १९७८

तीर्थस्वरूप मामाजींच्या पायांवर जावई चंद्रभानचं डोकं. (कागदावरूनच ठेवतो आहे. समक्ष ठेवायला दसऱ्याला यायचं होतं, ते का जमलं नाही हेच पुढे लिहिलं आहे, तेव्हा पत्र अर्ध्यात फाडू नये.) आपली तब्येत ठणठणीत असेल, मामीजींचे गुडघे काय म्हणतात? केळझरच्या गणपतीची आपल्यावर कृपा आहेच. मी इकडे खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. पंधरा दिवस स्वतःच्या हातच्या भाकरी खातो आहे आणि त्या कशा होतात ते नलूला विचारावं.

नलूने तिकडे माहेरी काय काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. भिंतीवरचं घड्याळ खोललं, स्टो खोलला, खरं आहे. पण का खोलला, हे सांगितलं नसणार! मामाजी, मी पडलो पहिली-दुसरीचा मास्तर. पोट्ट्यांना धडा घडाघडा पाठ होतो, पण एखादी वस्तू चालते कशी, एका भागाचं दुसऱ्यावाचून कसं अडतं, हे पाठ करून कळत नाही. वर्गात विचारलं, घड्याळ कशानं चालते रे? तर पहिल्या रांगेतून उत्तर आलं, "तुमच्या धाकानं, जी." आता अशा वर्गापुढे घड्याळ खोलू नये तर काय करावं? (ते परत लागलं नाही, ही गोष्ट वेगळी. स्टो लागला, पण पेटत नाही.) नलूने पेटी भरली आणि एसटीत चढता चढता सगळ्या गावादेखत बजावलं, "दसऱ्याले न्याले या. तुमच्या सायकलवर बसूनच येईन, अन् सायकल अख्खी पायजे. एक तरी वस्तू अख्खी ठेवता येते का तुमाले, ते मले पाहू द्या. नाई तं दिवाळी मी तिकडंच करतो." आता आपण म्हणाल, मग सायकल तरी सोडायची. मलाही तसंच वाटत होतं, अष्टमीच्या सकाळी अकरा वाजेपर्यंत.

अकरा वाजता वर्गात भांडण झालं. कोणत्या गोष्टीवरून ते सांगत बसत नाही, पण "तुयावाचून माह्यं काही अडत नाई" असं एकजण दुसऱ्याला म्हणाला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेर सायकल उभी होतीच. आपण लग्नात दिलेली, हिरवी, अजून मडगार्डवरचा कागद न काढलेली. पान्हा खिशात होता. (तो कायम असतो. नलूचा त्यालाही आक्षेप आहे.) चोवीस पोरं, चोवीस भाग. सांगाडा तेवढा माझ्याकडे. प्रत्येकाने आपला भाग हातात धरायचा आणि ज्याला आपण लागून असतो त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. मामाजी, काय सांगू! चेनवाला पायडलवालीला म्हणतो, "तू नाई फिरली तं मी काय करू, सांग?" ब्रेकवाले दोघे चाकाची मनधरणी करून राह्यले. एकटा कवडू कोपऱ्यात रडत होता. त्याच्या वाट्याला कॅरिअर आलं होतं आणि कॅरिअर नसलं तरी सायकल चालते असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी म्हणालो, कवडू, बाकीच्यांच्या सायकली चालत असतील, माझी कॅरिअरवाचून नाही चालत. (हे वाक्य नलूला वाचून दाखवावं. सहज दाखवल्यासारखं.)

एवढा रंगलेला वर्ग मोडवेना. त्यात शाळेच्या खोलीत देवी बसलेली, सामान ठेवायला जागा नाही. म्हणून मी सांगून मोकळा झालो की आपापला भाग घरी न्या, डोळ्यांत तेल घालून सांभाळा, नवमीच्या संध्याकाळी मी गोळा करीन आणि रातोरात जोडून दसऱ्याच्या सकाळी निघेन. शेतकऱ्यांच्या गावात मास्तरकी करून आठ वर्षं झाली, पण नवमीला काय असतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. खंडेनवमी हो! घरातलं सगळं लोखंड धुऊनपुसून पूजेला मांडायचा दिवस. नवमीच्या संध्याकाळी रूपरावजींकडे गेलो तर वखर, विळे, कुऱ्हाड, आणि त्यांच्या मधोमध झेंडूची माळ घालून माझी चेन. डोमाजींकडे दोन्ही पायडलांना हळद-कुंकू, पुढ्यात नारळ. गुरुजींनी अष्टमीला लोखंड पाठवलं म्हणजे पूजेलाच पाठवलं, असा घरोघर समज! आणि पूजेतलं लोखंड दसऱ्याचं सोनं वाटून होईस्तोवर कोणी जागचं हलवत नाही. मी हात जोडले, दिवाळीची धमकी सांगितली. डोमाजी म्हणाले, "कसं करता जी गुरुजी, मांडलेली पूजा मोडा म्हन्ता? बसा, प्रसाद घ्या." एकवीस घरी प्रसाद घेतला, उरलेल्या तीन घरी जायची ताकदच राहिली नाही. पोटाचं पुढे काय झालं ते वडीलधाऱ्या माणसाला लिहिण्याजोगं नाही.

दसरा गेला. मी घरी बसून एकटा सांगाडा पुशीत होतो आणि तिकडे नलू उंबऱ्यात उभी असेल हे मनात आलं की पान्हा हातातून खाली पडत होता. वाईट वाटलं, मामाजी. चालत यावं असंही वाटलं, पण अख्ख्या सायकलीवाचून आलो असतो तर तिचंच खरं झालं असतं.

एकादशीला उजाडताच पोरं हजर. हळदीने पिवळी झालेली चाकं, कुंकू लावलेला ब्रेक, सगळं आलं, फक्त छर्रे नाहीत. चाकाच्या पोटातले ते बारके लोखंडी गोळे मी श्रावणच्या सुलोचनाकडे दिले होते, आणि श्रावणची मंडळी दसऱ्याला दीक्षाभूमीवर नागपूरला गेलेली. दरवर्षी जातात. मला ठाऊक असायला हवं होतं. मी सांगितलं होतं डोळ्यांआड करू नका, तर पोरगी छर्रे घेऊन नागपूरला गेली! दोन दिवस माझा वर्ग रस्त्याकडे तोंड करून बसला. इवल्याशा गोळ्यांवाचून एवढी मोठी सायकल अडते, हा धडा मला शिकवावाच लागला नाही. द्वादशीला एसटीतून मंडळी उतरली, तसा सगळा वर्ग धावला. सुलोचनाने मूठ उघडली. रुमालात बांधलेले छर्रे, घामाने ओले. तिची माय तानाबाई म्हणाली, "एवढ्या गर्दीत माहा हात सोडे पोरगी, पन मूठ नाई सोडे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

मग जोडणी. मी नेहमीप्रमाणे अडलो. पण या वेळी प्रत्येक पोराला आपला शेजारी पाठ होता! "गुरुजी, तुमी उलटं करून राह्यले, माह्या अंगाले वायसर लागते." तासाभरात अख्खी सायकल उभी. मी गावातून तीन फेऱ्या मारल्या, मागून तेवीस जण आपापल्या भागाचं नाव ओरडत धावत होते, आणि कवडू आपल्या कॅरिअरवर बसला होता. आठ वर्षांत मी इतका चांगला मास्तर कधी झालो नव्हतो. कळावे, लोभ असावा, आणि राग असलाच तर तो मामीजींनी थोडा कमी करावा.

आपला आज्ञाधारक,
चंद्रभान

ता. क. सायकल अख्खी आहे असं वर लिहिलं, त्यातून घंटी वगळावी. ती आनंदाबाईंच्या नातीकडे होती. नवमीपासून आनंदाबाई ती वाजवून आरती करतात आणि म्हणतात, "लई गोड वाजते, राहू द्या." मी तोंडानेच घंटी वाजवत येईन.

ता. क. दुसरा. जोडून झाल्यावर एक नट उरला आहे. सायकल त्याच्यावाचून चालते. हे पोरांना कळता कामा नये, माझा सगळा धडा बुडेल. नलूलाही सांगू नये.

ता. क. तिसरा. खरं तर याच्यासाठीच पत्र लिहिलं. काल सुलोचना मायचा निरोप सांगायला घरी आली. थंड चूल पाहिली, बंद घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "गुरुजी, बाईले कोनाच्या घरी ठेवाले देल्लं?" मी म्हटलं, केळझरले, त्यांच्या बाबाकडे. पोरगी म्हणाली, "मंग मांगून आना ना."

मामाजी, मागतो.