उटनूर बसची प्राध्यापिका

आदिलाबाद
२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रिय अर्पिताताई,

धाकट्या प्रीतीचा मनापासून जयभीम. नांदेडला तुम्ही सगळे मजेत असाल.

इकडे माय बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि दुपारी आपणच गच्चीवर मिरच्या वाळत घालून येते. हर्षदीपची दहावी जवळ आली. त्याचे बाबा त्याच्यासोबत गणितं सोडवायला बसतात आणि दोघांचं उत्तर वेगळं आलं की पुस्तकाला दोष देतात.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन आहेच की, पण फोनवर आपलं बोलणं मायच्या गोळ्यांपासून सुरू होतं आणि गोळ्यांपाशीच संपतं. मला आज त्यापुढचं सांगायचं आहे.

आधी आनंदाची बातमी. माझं पुस्तक निघतंय. हसू नको. नऊ वर्षांपासून मी एका मासिकात विज्ञानकथा लिहिते, आपल्या माहेरच्या नावाने. इकडे घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. उटनूरला माझी बस चाळीस मिनिटं थांबते. आमचे ड्रायव्हर खुशालभाऊ तेवढ्यात एक डुलकी काढतात आणि मी मागच्या सीटवर वही उघडते. बायकांना बसचा प्रवास फुकट झाल्यापासून गर्दी अशी, की इंद्रवेल्लीच्या पुढे मला दोन्ही हात वर धरून सरकावं लागतं. प्रत्येकीला शून्य रुपयाचं तिकीट द्यायचं, डोकी मोजायची, पुन्हा मोजायची. एकदा तिकिटं निघाली एकावन्न आणि उतरताना मी मोजली बावन्न माणसं. माझीच मोजणी चुकली होती, पण ते बावन्नावं माणूस डोक्यातून जाईना. ते शंभर वर्षांनंतरच्या उटनूरहून परत आलेलं असेल तर? ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट.

तर मागच्या शनिवारी नागपूरला विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचा मेळावा होता आणि मासिकाच्या संपादकांनी, अमृतरावांनी, मला बोलावलं होतं. पुस्तकही तेच काढतायत. ताई, मला वाटलं होतं तिथे सगळे प्रयोगशाळेतले पांढऱ्या कोटातले लोक असतील. माझ्या शेजारी बसले होते पुसदचे भगवंतराव, गुरांचे डॉक्टर. परग्रहावरच्या जनावराच्या बाळंतपणाची त्यांची गोष्ट मी वाचली होती. त्यांना विचारलं, एवढं खरं कसं लिहिता? तर म्हणाले, गोष्ट लिहिली त्याच सकाळी एका म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आलो होतो. मथुराबाई म्हणून एक आहेत, त्या तीस वर्षं टेलरिंग करतात. अंतराळवीरांच्या कपड्यांना खिसे कुठे असावेत यावर त्या अर्धा तास बोलल्या आणि एकही माणूस जागचा हलला नाही. जेवताना मी सारखी हसत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला आपल्या माणसांत बसल्यासारखं वाटलं.

आणि तरी अर्धं ताट तसंच राहिलं. का, ते सांगते.

जेवणानंतर माझी पाळी होती. निवेदकांनी माझी ओळख करून दिली: एम.एस्सी. भौतिकशास्त्र, नांदेडच्या महाविद्यालयात प्राध्यापिका.

हो ताई. तुझी पदवी, तुझं गाव, तुझी नोकरी. पहिली गोष्ट पाठवली तेव्हा लेखकाचा परिचय मागितला होता. वहीच्या पानावर मी ‘कंडक्टर, आदिलाबाद डेपो’ असं लिहिलं, खोडलं आणि तुझं लिहिलं. कंडक्टरची विज्ञानकथा कोण छापेल, असं वाटलं. खरं लिहून पाठवून मी कधी पाहिलंच नाही. नऊ वर्षं ते तसंच छापून येत राहिलं. तुझ्या जुन्या वह्या मायच्या पेटीत आहेत ना, गोष्टींतलं विज्ञानही तिथूनच घेतलं. वाचकांची पत्रं यायची, ‘मॅडम, तुमच्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटतो.’ माझे विद्यार्थी म्हणजे फुटबोर्डावर लटकणारे, आणि त्यांना मी एकच धडा देते, आत सरका.

मी गोष्ट वाचली. टाळ्या झाल्या. मग श्रोत्यांतून एक मुलगी उठली. तिने माइक हातात घेतला आणि चेहरा असा फुललेला, की जणू गावाकडचं कोणी भेटलं.

“मॅडम, तुमी आमच्या उटनूर गाडीच्या कंडक्टर ना? मी इंद्रवेल्लीची. सपना. तुमीच मले पेपरच्या दिवशी बस थांबवून घेतलं होतं.”

निवेदक घाईने म्हणाले, की काहीतरी गैरसमज होतोय, मॅडम नांदेडच्या प्राध्यापिका आहेत. पोरीचा चेहरा उतरला. “चुकलं असंल, सॉरी,” म्हणून ती खाली बसायला लागली.

ताई, मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. ती बसली असती, पुढचा प्रश्न आला असता आणि मी संध्याकाळच्या गाडीने परत आले असते. पण तिच्या शेजारच्या मुली तिच्याकडे बघून तोंडावर हात ठेवून हसत होत्या. ती बरोबर होती आणि माझ्यामुळे खोटी ठरत होती.

माइक माझ्याच समोर होता. मी म्हटलं, “नाही बेटा, तू बरोबर ओळखलं. मी कंडक्टर आहे. प्राध्यापिका माझी बहीण आहे.”

पुढे काय बोलले ते नीट आठवत नाही. नऊ वर्षं खोटं छापून आणलं त्याची माफी मागितली एवढं आठवतं. मग भगवंतराव उभे राहिले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “म्हणजे ते बावन्नावं माणूस तुम्ही खरंच मोजलं होतं?” मी हो म्हटल्यावर सगळं सभागृह हसलं. त्यानंतर प्रश्नच प्रश्न. शून्याचं तिकीट म्हणजे काय, ड्रायव्हरला गोष्टी सांगता का. सपना शेवटपर्यंत ताठ मानेने बसली होती.

अमृतराव मात्र हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोललेही नाहीत. पुस्तक गेलं असं मी धरूनच चालले होते. चहाच्या वेळी ते स्वतः आले.

“गोष्टी तुमच्याच आहेत?”

“हो सर.”

“मग पुस्तकासाठी ओळखही तुमचीच लिहून द्या. मासिकात दुरुस्ती मी छापीन, तुमच्या नावाने. वाचकांना उत्तर तुम्हीच द्यायचं.”

ती दुरुस्ती पुढच्या अंकात येईल. पण जिची ओळख मी वापरली त्या तुला सगळ्यांच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझ्या कॉलेजात कोणी तुला त्या गोष्टींबद्दल विचारलं असेल तर तुला काय वाटलं असेल, हा विचार मी नऊ वर्षं केला नाही. मला माफ कर.

आता घरभरणीचं. दोन वर्षं झाली, आपण दोघी ते टाळतो. तुझ्या नव्या घरी तुझ्या सोबतच्या मॅडमनी विचारलं, बहीण काय करते, आणि तू म्हणालीस, सरकारी ऑफिसात आहे. मी मागेच उभी होते, हातात जिलेबीची ताटली. ड्यूटी आहे असं खोटंच सांगून दुपारच्या गाडीने निघून आले. रस्ताभर रडले. पुढे फोनवर कोरडं कोरडं बोलत राहिले. ताई, मला राग यायला तोंड तरी होतं का? तू माझी नोकरी लपवलीस, मी पण तीच लपवली. आणि वर तुझी उचलली.

इथे पत्र संपवणार होते. हर्षदीपचे बाबा म्हणाले, एवढं लिहिलं तर उरलेलंही लिही.

आपले बाबा गेले तेव्हा डेपोतल्या त्यांच्या जागेवर घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. हक्क तुझा, तू मोठी. तुझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. मायने तुला विचारलं, तू खाली बघून बसलीस. मी म्हटलं, “ताईले शिकू दे, मी जाते.” माय रडली, तू मला गळ्याशी धरलंस. तेव्हापासून बावीस वर्षं तू मला ‘माझ्यासाठी शिक्षण सोडलेली’ म्हणून बघतेस. दर चौदा एप्रिलला तुझी साडी येते आणि साडीसोबत तुझा तो पडलेला आवाज. तुझ्या मॅडमसमोर ‘कंडक्टर’ हा शब्द तुझ्या तोंडून का निघाला नसेल, हे मला आत्ता आत्ता समजायला लागलं. लाज नव्हती ती. तुला ते तुझं पाप वाटतं.

तर ऐक. त्याच आठवड्यात माझा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला होता. मी फिजिक्समध्ये नापास होते. मार्कमेमो मी घरी आणलाच नाही. तू पहिली येणारी, तुझ्यासमोर तो कसा ठेवायचा हेच मला कळत नव्हतं आणि तेवढ्यात नोकरी आली. मी तुझ्यासाठी काही सोडलं नाही ताई, मी पळाले. तुम्ही सगळ्यांनी त्याला त्याग म्हटलं, मला ते गोड लागलं, मी गप्प राहिले. नागपूरला लोकांसमोर जे बोलले ते सोपं होतं. हे अवघड होतं.

आणि पळून जिथे आले ते मला आवडलं. मला बस आवडते. सकाळची पहिली घंटी आवडते, बाजाराच्या दिवसाची भांडणं आवडतात, कोंबड्याला तिकीट लागतं का म्हणून वाद घालणाऱ्या बाया आवडतात. दुसऱ्या कुठल्या नोकरीत मला एवढ्या गोष्टी मिळाल्या नसत्या. तेव्हा ते ओझं तू आता उतरवून ठेव. ते तुझं कधी नव्हतंच. साडी मात्र पाठवत जा.

सोमवारी डेपोत गेले तर खुशालभाऊंना सगळं कळलेलं. सपनाच्या काकांनी सांगितलं. मला म्हणाले, “मॅडम, गोष्टीत मले काऊन घेतलं नाही?” आता घ्यावं लागणार.

शेवटची बातमी. काल मी मुक्त विद्यापीठात बी.एस्सी.चा फॉर्म भरला. पहिल्या वर्षापासून. विषयात फिजिक्स आहे. वर्ग रविवारी असतात, पण मला एवढ्या वर्षांनी सगळं पुसून गेलंय आणि वर्गात प्रश्न विचारायची लाज वाटते. तुला विचारायची नाही वाटणार. रविवारी संध्याकाळी तासभर फोन करशील? गोळ्यांचं पाच मिनिटांत उरकू.

नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. हो म्हणालीस तर एक आधीच सांगते, मी ढ आहे, चिडायचं नाही.

तुझी,
फिजिक्समध्ये नापास
प्रीती