गारपीटचा आवाज

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

पुणे,
९ जून २०२५

ती. गंगासागर आत्यास,
बसवेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. मोबाईलवर टाकलं असतं तर तुझ्या सुनेने वाचलं असतं, आणि प्रणिताने वाचलं की धारूरला आप्पांच्या कानावर जायला चहा निवायचाही वेळ लागत नाही. फोन करता येत नाही, कारण मला बोलायला बंदी आहे.

झालं असं. मागच्या महिन्यात बेंगळुरूच्या कार्यक्रमात गाता गाता माझा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. तोंड उघडलं तर नुसती हवा. लखनने मागे ड्रम चालू ठेवले, सुरजने गिटारवर गाणं कसंबसं ओढत संपवलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. काढायची आणि तपासायला पाठवायची. कशासाठी तपासतात ते तुला सांगायला नको, आजोबांच्या वेळी तू सगळं बघितलंस.

बीडला कॉलेजात असताना आम्ही ‘गारपीट’ हा बँड सुरू केला, तेव्हा मेटलकोर म्हणजे जड गिटार, अंगावर येणारे ड्रम, मधेच सगळं संथ होऊन बसणारा दणका आणि वर माझं किंचाळणं, एवढंच मला माहीत होतं. पहिल्या रेकॉर्डात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत किंचाळलोय. दुसऱ्यात थोडं गायलो, तर आम्हाला ऐकणारी जुनी पोरं म्हणाली, मऊ पडले. म्हणून पुन्हा ओरडत सुटलो. घसा दुखायचा, तरी.

सप्टेंबरात ईशान्येचा दौरा ठरलाय. सुरजने माझ्या जागी एक गाणारा बघून ठेवलाय. त्याचं चुकलं असं नाही. पण लखन त्याच्याशी बोलत नाही, मला बोलता येत नाही, त्यामुळे आमच्या खोलीत सध्या लई शांतता आहे.

आप्पांना कळू देऊ नकोस. आधीच त्यांचं दुकान सोडलं म्हणून ते माझ्याशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
बसवेश


वडवणी,
१४ जून

चि. बसवेशास,
गंगासागरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं आन् एका बाईला भलत्याच मापाच्या बांगड्या भरल्या. ती वरडली तवा भानावर आले.

गाठ म्हंजे दरवेळी तीच नसती रे. आपल्या छबुबाईच्या गळ्याला केवढी होती, आज ती बाजारात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं भांडती. तू भलतंसलतं डोक्यात आणू नको. भात-वरण खा, तिखट बंद कर.

इथल्या गणपतीत तुमी पहिल्यांदा वाजवलं, तवा शेजारची केसरबाई तुला फिट आली समजून कांदा घेऊन धावलती. मी लई हसले. पण आज सांगते, तू वरडायचास तवा माझ्याच गळ्यात दुखायचं. पोरांना आवडतंय, आपण कशाला बोलायचं, म्हणून गप राहिले.

सुरजवर राग धरू नको. त्याला दौरा बुडायची भीती, तुला आवाज बुडायची. दोघं बी भ्यालेले हायेत. लखनला बी सांग, अबोला धरायला बसवेश एकटा पुरे.

तुझ्या आप्पांना सांगणार न्हाई. शपथ मातर घालू नको.

जिवाला जप. तुझ्यावर जीव टाकणारी,
आत्या


पुणे,
२७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शपथ कशाला नको होती, ते कळलं.

ऑपरेशन झालं. भूल उतरली, डोळे उघडले, तर समोर आप्पा. कपाळाला विभूती, मांडीवर पिशवी. दुकानाला कुलूप लावून पहिल्या एसटीने निघाले होते म्हणे. तुझ्यावरचा सगळा राग मोबाईलवर लिहून काढावा म्हटलं, तर मोबाईल त्यांच्याच खिशात.

मला उत्तर देता येत नव्हतं, त्यामुळे आम्ही पहिल्यांदा दिवसभर भांडलो नाही. ते बोलत राहिले. तुझ्या पहिल्या रेकॉर्डात एक शब्द कळत नाही, म्हणाले. दुसऱ्यात अर्धे कळतात. मग ते वणव्याचं गाणं केलंस, त्यात पुन्हा एकही कळत नाही. पोरगं पुढं चाललंय का मागं, याचा त्यांना उलगडा होईना. आत्या, ते सगळं ऐकतात! दुपारी दुकानात गर्दी नसली की लावतात. मला हसू आलं, आणि हसायलाही बंदी होती.

दुपारी त्यांना डुलकी लागली. तेव्हा त्यांचा हात माझ्या पायावर होता. तो उचलला जाईल म्हणून मी पाय हलवला नाही.

रिपोर्ट अजून यायचा आहे. त्याचा विचार करायचा नाही असं ठरवतो आणि तोच करत बसतो. महादेवाला माझ्यासाठी एक बेल वाहा.

तुझा रागावलेला आणि न रागावलेला,
बसवेश


पुणे,
४ जुलै

चि. गंगासागर हिस,
गुरुलिंगचे आशीर्वाद.

रिपोर्ट आला. साधी गाठ. वरडून वरडून आलेली. दुसरं काही न्हाई.

डॉक्टरीणबाईनं सांगितलं, तरी मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. मग पाणी मागितलं. बसवेश भिंतीला टेकून रडत होता, आवाज न करता, लखन त्याला धरून उभा. लखनचा बाप बिभीषण मेंढरं घेऊन तलवाड्याकडं गेलता. त्याला फोन लावला तर गडी रानात एवढ्यानं वरडला, की लखनच्या ड्रमाला एवढा जोर कुणापासून आला ते मला समजलं.

सुरज आला. मान खाली घालून म्हणाला, काका, त्या पोराला नको म्हणून कळवलं, दौरा पुढं ढकलला, बसवेश न्हाई तर गारपीट न्हाई. मी त्याला जेवायला वाढलं. तो आन् लखन एका ताटावर भांडायला लागले, म्हंजे पहिल्यासारखं झालं.

डॉक्टर म्हणाल्या, गाता येईल. वरडायचं असलं तर शिकून वरडायचं. मी इचारलं, वरडायला शिकवणारे बी असतात का? असतात म्हणाल्या.

तू शब्द मोडलास, लई बरं केलंस.

माझ्या मागं घराकडं लक्ष ठेव.
तुझा दादा,
गुरुलिंग


पुणे,
१५ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल गाठ काढल्यानंतरचा पहिला कार्यक्रम झाला. सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं, म्हणून सकाळीच बसलोय.

ओरडायला शिकवणाऱ्या मास्तरांनी मला पहिल्यापासून श्वास घ्यायला शिकवलं. इतकी वर्षं मी घसा आवळून जोर लावत होतो. जोर पोटातून आणि घसा मोकळा, हे मला आता कळलं. मी गप्प होतो तेव्हा सुरज तालमीत माझ्या ओळी ओरडायचा, आणि तो चांगलाच ओरडतो हे उघड झालं. ओल्या ताडपत्रीसारखा फाटतो त्याचा आवाज. आता किंचाळायचं त्याने, गायचं मी. लखननेही ड्रम मधे मधे मोकळे सोडलेत. आधी आमच्या गाण्यात श्वास घ्यायला जागा नव्हती, आता आहे. दणका येतो तेव्हा तो आधीपेक्षा जड लागतो.

ऐकायला आलेल्या जुन्या पोरांपैकी काही जण हात बांधून उभे होते. धारूरच्या घाटाचं नवं गाणं झालं तेव्हा त्यांचे हात सुटले. शेवटच्या गाण्यात मी एकदाच ओरडलो. शिकवलं होतं तसं.

मग भीती वाटली, आवाज पुन्हा गेला असेल तर. उतरल्यावर कुणाशी बोललो नाही, तसाच झोपलो. सकाळी उठलो तर लखन आणि सुरज चहा घेऊन माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. मला तोंड उघडायचा धीर होईना. शेवटी चहात साखर कमी आहे, एवढंच म्हणालो.

आवाज साफ होता, आत्या. लखन उठून गॅलरीत गेला आणि माळावर मेंढरांना देतात तशी आरोळी ठोकली. शेजारच्या काकू बाहेर आल्या. सुरज खाली बसून हसत होता, हसता हसता डोळे पुसत होता.

मग आप्पांना फोन केला. नुसतं आप्पा म्हणालो. ते म्हणाले, बोलत राहा, आज दुकानात गिऱ्हाईक न्हाई. मी बोलत राहिलो. मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी सारखं भाव विचारत होतं. आप्पा त्यांना उत्तर देत नव्हते.

सगळ्यांना नमस्कार. मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझा,
बसवेश