पांढऱ्या एस्टीमची वेगळी टाकी

मी, राजाराम भिवा गमरे, वय साठ, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार भायखळा, चाळीचा तिसरा मजला, माझ्यामागे कोणाला काय मिळावे हे आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. या महिन्याच्या बावीस तारखेला परळच्या इस्पितळात त्याचे ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. वकील सीताराम भोईर यांनी 'थोडक्यात लिहा' असे सांगितले होते, पण तो सल्ला मी मानलेला नाही.

१. राहती खोली, तिची भाडेपावती व पोस्टातली शिल्लक माझी पत्नी ललिता हिची. गिरणीचा संप झाला तेव्हा तिने शिवणयंत्रावर घर चालवले आणि एकदाही बोलून दाखवले नाही. मीही कधी तिचे आभार मानले नाहीत. ते येथे मानतो, म्हणजे वकिलासमोर तिला 'पुरे झालं' म्हणता येणार नाही.

२. लोखंडी शिडी तळमजल्यावरचे गुणाजी सकपाळ यांना द्यावी. तशी ती बाराही महिने त्यांच्याकडेच असते. त्यांनी नळाला मोटर लावल्यापासून आमच्याकडे पाणी करंगळीएवढे येते. गुणाजींना मी माफ केले आहे. मोटरला नाही.

३. गॅरेजमधला माझा अर्धा हिस्सा व सर्व हत्यारे माझे भागीदार हरेश्वर नाखवा, राहणार वरळी कोळीवाडा, यांना द्यावीत. कारण सांगणे भाग आहे.

माझे वडील भिवा गिरणीत सूतकताईच्या खात्यात राबले. विणाई खात्यात पगार जास्त होता. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या माणसाचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. वडील हे सांगताना रागावत नसत, याचा मला राग येई.

संपाच्या आठव्या महिन्यात मी काम शोधत कोळीवाड्यात गेलो. नारळी पौर्णिमा झाली होती, बोटी निघायच्या होत्या, आणि हरेश्वरचे इंजिन काही केल्या लागेना. मी नळी तोंडात धरून डिझेल ओढले. धार तुटली. हरेश्वरने हात पुढे केला तशी मी नळी सदऱ्याला पुसू लागलो. तो म्हणाला, "पुसतोस काय रे? दे हिकडं." आणि तीच नळी त्याने तोंडात घातली. नंतर आम्ही दोघे बराच वेळ थुंकत बसलो. जातीचा विषय तेव्हा निघाला नाही आणि पुढच्या अठ्ठावीस वर्षांतही निघाला नाही. इंजिनातले मला जे येते ते त्याने शिकवले.

गेले आठ महिने तो माझ्याशी बोलत नाही. काही हवे असले तर फळ्यावर खडूने लिहितो. त्याचे बरोबर आहे.

४. पांढरी एस्टीम गाडी माझी मुलगी मीनाक्षी हिची. ती बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी बंद धावपट्टीवरच्या शर्यतींत गाडी पळवते. निदान पळवत असे. त्या गाडीला आम्ही नायट्रसची बाटली बसवली होती. हा वायू इंजिनात सोडला की गाडी उडाल्यासारखी निघते, मात्र त्याच क्षणी इंजिनाला जादा पेट्रोल लागते. ते कमी पडले तर पिस्टन वितळते.

जादा पेट्रोल मी गाडीच्या मूळ पंपावरून फाटा काढून घेतले. हरेश्वर म्हणाला होता, "वेगळी टाकी टाक, वेगळा पंप टाक. एका नळावर दोन बिऱ्हाडं नको." मी मीटर दाखवला, दाब पुरेपूर होता. पण तो मी लाइन बंद ठेवून पाहिला होता. बंद नळात जोर असतोच, चावी उघडल्यावर काय उरते ते पाहायचे असते. तिसऱ्या मजल्यावर जन्म काढलेल्या माणसाने ही चूक करावी याची मला आजही लाज वाटते.

मार्चमध्ये सरावाच्या वेळी मीनाक्षीने बटण दाबले. दाब पडला, पिस्टन वितळले, बॉनेटखाली आग लागली. तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. इस्पितळाच्या जिन्यात हरेश्वर एवढेच म्हणाला, "मीटर तपासायला पोरीला बसवलीस काय रे?" मीनाक्षीने मला अजून एका शब्दाने दोष दिलेला नाही. पण त्या दिवसापासून ती स्टिअरिंगला हात लावत नाही.

इंजिन मी नवे बांधले आहे, बाटली जोडायचे धाडस मात्र झालेले नाही. म्हणून अट अशी: हरेश्वरने वेगळी टाकी बसवल्याशिवाय बाटली उघडू नये. डिकीत चार लिटरची टाकी, तिचा स्वतःचा पंप, गाळणी, रेग्युलेटर, आणि तिथून इंजिनापर्यंत दुसऱ्या कशालाही न जोडलेली नळी. पेट्रोलचा दाब नसेल तर नायट्रस सुटूच नये असा स्विच. दाब मोजायचा तो पेट्रोल वाहते ठेवून. मीनाक्षीला गाडी विकायची असेल तर खुशाल विकावी. पण पुन्हा बसावेसे वाटले, तर माझ्या हातच्या कामाची भीती तिच्या मनात नसावी.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. डोळे दान करावेत. चष्म्यासकट का होईना, ते चांगले आहेत.

७ नोव्हेंबर २०१०

पुरवणी

वरील मजकूर मी हरेश्वरच्या बाकावर ठेवला. त्याने उभ्या उभ्या वाचला. आठ महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडले: "मेल्यावर काम सांगतोस? जित्तेपनी सांगायला लाज वाटली?"

मी म्हणालो, "हो."

"मग आता सांग."

मी सांगितले. मला पाना उचलायची बंदी असल्याने सहा दिवस मी स्टुलावर बसून फक्त सूचना दिल्या. त्यातली एकही त्याने ऐकली नाही.

काल मीनाक्षी डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. हरेश्वरने मीटर तिच्या हातात दिला. "तू वाच. तुझ्या बापाचं वाचून झालंय." पंप सुरू केला, नळीतून पेट्रोल रिकाम्या कॅनमध्ये वाहू लागले.

"साडेपाच पौंड," ती म्हणाली.

"आता?"

"साडेपाचच. हलत नाही, काका."

तिने आम्हाला तीनदा तेच करायला लावले. मग हात पुसले, दार उघडले आणि गाडीत बसली. मी रडलो. हे कायद्याच्या कागदात बसत नसेल तर वकिलांनी खोडावे.

तेव्हा कलम ४ रद्द. गाडी आजच मीनाक्षीच्या नावे करून दिली आहे.

कलम ३ बदलावे लागत आहे, कारण हरेश्वरला साक्षीदार म्हणून सही करायची आहे. भोईर वकिलांनी त्याला बजावले, की साक्षीदाराने त्याच मृत्युपत्रातून काही घेऊ नये. तो म्हणाला, "म्हनून तर करतोय. हिस्सा पोरीला दे. मना पार्टनर पायजे, बक्षीस नको." सबब हिस्सा व हत्यारे मीनाक्षीस. तिने अजून हो म्हटलेले नाही. शटरची दुसरी किल्ली मात्र मागून घेतली आहे.

मला आयुष्यात पुष्कळ मिळाले. मी सर्वांचा ऋणी आहे.

भायखळा, मुंबई
२० नोव्हेंबर २०१०

(सही) राजाराम भिवा गमरे

साक्षीदार १: डॉ. सरोजिनी कासारे, परळचे इस्पितळ (सही)

साक्षीदार २: हरेश्वर नाखवा, वरळी कोळीवाडा (सही)
राजारामने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीत आहे. माझं त्याच्याशी बरंच बोलायचं राहिलंय, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन नीट करावं.