सगळ्यांच्या फाईलमधली एक ओळ

सर,

आज ऑफिसातून आल्यावर चहासुद्धा केला नाही. अलीकडे लवकर दमते, आणि दमले की तुमची आठवण येते. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलीकडून काल एक चूक झाली. सकाळी मी खुर्चीत बसायच्या आत ती समोर येऊन म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून झालं." पाणी मागावं इतक्या सहज. मी तिला काही बोलले नाही. बोलायचा हक्क मला नाही, हे तिला कुठून माहीत असणार.

तुमसरजवळचा तो कारखाना. ऐंशीचं दशक संपत आलेलं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या हा तुमचा नियम, मशीनला धूळ चालत नाही म्हणून. मी बाविशीची, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. कायम झाले तरच घरातली लग्नाची घाई थांबणार होती. तुम्ही मला लॉगिनची फाईल समजावून सांगताय. माणूस नाव टाकून आत आला की मशीन आधी ती फाईल वाचतं आणि त्याला लागेल ते मांडून ठेवतं: टर्मिनल कुठलं, प्रिंटर कुठला, दिलेला हुकूम कुठल्या कुठल्या जागी शोधायचा. माझ्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही दिघोरीचे, धानाच्या घरातले. म्हणता, "रोवण्याच्या बाया बांधीत उतराच्या आधी पऱ्ह्याच्या पेंढ्या टाकून ठेवा लागते का नाई? नाई ठेवल्या तं बाया लावतीन काय, तुह्यं डोस्कं?" मी हसते, बाया शेतात उतरण्याआधी मांडून ठेवलेल्या भाताच्या रोपांच्या जुड्या डोळ्यांपुढे येतात, आणि मला कायमचं समजतं.

त्या शनिवारी मी पाळीपत्रकाचे नवे प्रोग्राम एका जागी ठेवले. सगळ्यांना ते आपोआप मिळावेत म्हणून, तुम्हाला न विचारता, सगळ्यांसाठीच्या लॉगिनच्या फाईलमध्ये त्या जागेची ओळ लिहिली. ती जुन्या जागांच्या शेवटी जोडायची होती. मी जुन्या पुसून लिहिली. माझ्या टर्मिनलवर सगळं नीट चाललं, कारण मी आधीपासूनच आत होते. खुशीत बस पकडली.

सोमवारी जो जो आत येई, त्याला मशीन फाईलींची साधी यादीसुद्धा दाखवेना. स्टोअरचे बाबू ओरडत होते, "अजी साहेब, काहीच सापडत नाई म्हनून राहिलं हे! कायले बसवलं मंग?" भट्टीच्या दुरुस्तीचा कुठला भाग कुठल्या कप्प्यात आहे, ते सगळं त्या मशीनमध्ये. दुरुस्ती अडली, भट्टी दुपारपर्यंत थंड. मॅनेजर बूट न काढता आत आले. "किसने किया ये?" तुम्ही स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणालात, "मैंने. इस लड़की को इसका कुछ मालूम नहीं." मी मान खाली घातली.

ते गेल्यावर तुम्ही ओळ दुरुस्त केलीत आणि हळूच म्हणालात, "जुनं ठिवून नवं जोडाचं असते, बाई. अन् मंग एकडाव बाहेर निंघून परत आत येऊन पाहाचं. आतच बसून राह्यलं का आपल्याले सगळं बरोबरच दिसते." तुमचं रागावणं एवढंच.

महिन्याभरात तुम्हाला वजनकाट्यावर पाठवलं. मी कायम झाले. धुळीत ट्रकांपाशी उभे असायचात, मी दिसले की विचारायचात, "काहून सुकली वो? डब्बा खाल्ला का?" निवृत्तीनंतर वर्षभरात तुम्ही गेलात. मी अजून काहीही बदललं की बाहेर पडते, पुन्हा आत येते, पाहते. वीस वर्षं हेच चाललंय. कंटाळा येतो, तरी सोडवत नाही.

हे कागद कुठे जायचे नाहीत, म्हणून लिहिते. तुम्हाला वाटलं, पोरीला आपली चूक कळलीच नव्हती, म्हणून गप्प राहिली. सर, त्या खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. त्या सोमवारी मी सर्वांच्या आधी आले होते. चपला काढल्या, नाव टाकलं, स्क्रीन पाहिला, आणि काय झालंय ते लगेच कळलं. दोन मिनिटांत नीट करता आलं असतं, पण हात लावायची भीती वाटली. बाहेर येऊन कुलूप लावलं, चपला घातल्या आणि फाटकाबाहेरच्या टपरीमागे उभी राहिले. तुम्ही आत गेलात, मग मी तुमच्या मागून आले, आत्ताच बसमधून उतरल्यासारखी.