सलाईनचं चाक आणि खबर घ्यायला आलेले

वडीलधाऱ्या हीरजीमामांच्या पायांशी उजीचं डोकं.

तुमच्या गुडघ्याने जिन्याला घाबरणं सोडलं असेल आणि मामींचा दमा औषधाचं ऐकत असेल, अशी आशा आहे. इथे सगळे खुशाल, झमकू सोडून. (धोळी म्हैस गेल्यापासून गोठ्यात तिची ही सहा महिन्यांची पारडी एवढंच जित्राब उरलंय, हे तुम्ही जाणताच.)

झमकूला हगवण लागली. सासूबाईंनी पाणी तोडलं. "खालून पाणीच जातंय, वरून आणखी कशाला?" दोन दिवसांत डोळे खोल गेले, कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहू लागली. डॉक्टर मकवाणांनी मानेला सलाईन लावलं आणि बजावलं, "उजीबेन, थेंब मोजून नळीवरचं चाक ठेवलंय. तहान मारते तसा पूरही मारतो. कुणी हात लावायचा नाही."

पण आपल्या काठियावाडात आजाऱ्याची खबर घ्यायला गेलं नाही तर सात पिढ्यांचा अबोला, आणि नुसतं बघून परतलं तर ती खबर कसली? कांताकाकी म्हणाल्या, "अशी टिपं गाळत बसली तर दिवाळी येईल गं," आणि चाक जरा सैल केलं. सरपंच म्हणाले, "डॉक्टर कंजूष दिसतोय," त्यांनी आणखी सैल केलं. (जुन्या दैवतांना निदान कुणी घाई करत नाही; बाटलीतल्या या नव्या दैवताला मात्र सगळेच ढकलतात.) तुमच्याकडून खबर घ्यायला आलेले तुमचे जावई वशरामभाई तेवढे बेसनाचे गाठिये खात नुसते बघत उभे होते. मला राहवेना. पालथ्या घमेल्यावर उभी राहून मी या अडाणीपणावर अर्धा तास भाषण ठोकलं. जे कळत नाही त्याला आधी हात लावायचा आणि मग देवाला दोष द्यायचा, हाच आपला धर्म झालाय, असं खडसावलं. सगळे माना डोलवत होते, तेवढ्यात झमकू खोकू लागली. छातीत घुरघुर, नाकाला फेस.

डॉक्टर धावत आले. चाक बंद केलं, छातीतलं पाणी उतरवायची सुई टोचली आणि तिच्या शेपटीकडे डोळे लावून बसले. अख्खा गाव तिकडेच बघत बसला. दोन तासांनी झमकू मुतली, चांगली भरभरून. टाळ्या पडल्या. वीस वर्षं महिला मंडळात बोलतेय, मला कधी एवढ्या पडल्या नाहीत. आज ती आपल्या पायांवर उभी राहून पाणी प्यायली.

तुमची भाची,
उजी

ता. क. मामी अकरा जणांची जीप घेऊन खबर घ्यायला निघाल्यात म्हणे. अडवा. ज्यांचे हात खिशात राहतील त्यांनीच यावं, आणि साडीला खिसे नसतात.

आणखी एक. चाक पूर्ण कुणी उघडलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी वशरामभाईंचं नाव सांगितलं. भाषणाच्या भरात 'हे असं फिरवतात' म्हणून दाखवायला चाकावर हात कुणाचा गेला, ते फक्त त्यांनीच पाहिलंय. मंगळवारी डॉक्टर तुमच्या गावी लसी टोचायला येणार आहेत. भेटले तर जावईबापूंनी नुसती मान खाली घालावी. त्यांच्यासाठी गाठिये या पत्रासोबत पाठवलेत.