बोटीखालची देवमाशीण आणि बिननावाची पोर

आदरणीय कलोलाइनेताई,

आपल्या बेटावरच्या नेइआफू गावाहून धाकट्या सोसाइआचा वाकून नमस्कार. ऑकलंडच्या थंडीत गुडघे बरे आहेत ना? (रागाची तब्येत ठणठणीत दिसते, परवा माझा आवाज ऐकताच फोन ठेवलास.) भावाने बहिणीशी तोंडावर थट्टा करू नये ही आपल्याकडची रीत मला कळते, म्हणून कागदावर करतोय.

तुझी भाची महिन्याची झाली. नाव ठेवायचं आत्याने आणि आत्या रुसलेली, म्हणून पोरीला सगळे नुसतं 'ए' म्हणतात. परवा शनिवारी पाद्रीबुवांना देवमासे दाखवायला बोट काढली. माझी मेलिआने, सासूबाई, तान्ही पोर, सगळे चढले. बेटाआड एक माय-लेकरू दिसलं. मी लगेच इंजिन बंद केलं (पिलू जवळ असताना पंखा फिरवतो तो माणूसच नव्हे), तर ती बया आमच्याच बोटीखाली येऊन झोपली! चांगले तीन तास! पिलू घडीघडी वर यायचं आणि नाकातला फवारा नेमका पाद्रीबुवांवर उडवायचं. वास विचारू नकोस.

डब्यातलं सगळं संपल्यावर पाद्रीबुवांचं लक्ष पोरीकडे गेलं. "पुढच्या रविवारी बाप्तिस्मा आणि अजून नाव नाही? आत्या झोपलीय काय रे?" सासूबाई टपूनच होत्या. "माझं द्या की! बोटीला शोभतं, पोरीला नाही शोभणार?" (कबूल करतो ताई, बोटीवरचं तुझं नाव खरवडून मी 'सिसिलिआ' रंगवलं. रंग त्यांनी आणला होता, काय करू?)

तेवढ्यात पिलू दमलं. आईने खालून येऊन त्याला अलगद डोक्यावर उचलून धरलं. आपली आई वारल्यावर तू मला असंच धरून पोहायला शिकवलंस, तेव्हा तूही तेरा वर्षांचीच होतीस. ताई, मला भर बोटीत रडू फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "जावयाला ऊन लागलं."

तुझाच,
सोसाइआ

ता.क. पत्र उद्याच्या विमानाने चुलतभावाबरोबर पाठवतोय. शनिवारपर्यंत नाव कळव, नाहीतर घरात दोन सिसिलिआ होतील. एकच पुरे आहे.

ता.क. बोटीवर तुझं नाव परत रंगवलं. सासूबाई सकाळपासून माझ्या घरी जेवत नाहीत (त्यांच्या भावाकडे भरपूर जेवतात).

ता.क. पाकीट चिकटवणार तोच सासूबाई येऊन रडल्या. पोर झाली त्याच दिवशी तू फोन करून नाव सांगितलं होतंस म्हणे. त्यांनी आमच्यापर्यंत येऊच दिलं नाही, आणि आता त्यांना ते आठवत नाही! म्हणजे तुझं रुसणं बरोबरच होतं. ताई, पुन्हा एकदा सांग. या वेळी फोन मीच उचलणार. ठेवू नकोस.